आल्याच्या वाफ्यातले मीठ

आले कधी लावायचे, असे मला हल्ली लोक विचारतात. बहुतेक जण आधी मोबाइलवर पाहून आलेले असतात आणि माझ्याकडे येतात ते खात्री करून घेण्यापुरते. मी सांगतो ते असे. रोहिणी नक्षत्र लागले की, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. तुकडा वीस ते पंचवीस ग्रॅमचा, त्यावर निदान दोन डोळे. वाफा जमिनीपासून एक वीत उंच आणि त्याच्या दोन्ही अंगांनी चर, म्हणजे पाणी थांबणार नाही. तुकडा दोन बोटे खोल, डोळा आभाळाकडे, दोन तुकड्यांत एक वीत अंतर. वर कुजलेले शेणखत आणि त्यावर हिरव्या पाल्याचे जाड पांघरूण. मग पौषात पाने पिवळी पडून आडवी झाली की खणायचे. एवढे सांगून झाले की मी आणखी एक गोष्ट विचारतो. वाफ्याच्या वरच्या अंगाला माड आहेत का? असतील तर त्यांना मीठ कधी घालणार? लोकांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. काही जण हसतात. मला तो विचारायला शिकायला एक अख्खा पावसाळा लागला.

आले मला काकीने शिकवले. काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका बोटीवर नोकरीला होते, वर्षातले दहा महिने समुद्रावर असत. ते वारल्यावरही काकी आमच्याच घरात राहिली. माझी आई शिक्षिका होती, तिला सकाळी साडेनऊला घर सोडावे लागे, त्यामुळे घराभोवतीची सगळी जमीन पहिल्यापासून काकीच्या ताब्यात होती. घर किनाऱ्यावरच्या आचऱ्यापासून जवळ, उतारावर. वर घर, त्याच्या मागे फणस आणि कोकमाचे रातांबे, खाली एका अंगाला चौदा माड आणि त्यांच्याखाली ओढा, आमचा वहाळ. काकी जाऊन आता पाच वर्षे झाली. मी सांगतो आहे ती हकीगत त्याच्या सहा वर्षे आधीची.

आमच्या आल्याविषयी आधी सांगितले पाहिजे. दिसायला ते काहीच नव्हते. बाजारात मिळते ते आले तळहाताएवढे फुगीर असते. आमचे बोटासारखे बारीक, गाठी जवळजवळ, साल काळपट, सोलायला त्रास. मोडले तर आत कडेने निळसर झाक. पण चहात नखाएवढा तुकडा पुरे व्हायचा. लहानपणी ताप आला की काकी त्याचा रस मधातून चाटवायची आणि मी तोंड मिटून घ्यायचो. मग ती म्हणायची, ‘‘तोंड उघड, नायतर नाकातसून घालतलंय.’’ एकदा तिने खरोखर नाक धरले होते. दिवाळीच्या सुट्टीत आलेपाकाच्या वड्या व्हायच्या. त्या ती मुद्दाम तिखट करी, म्हणजे आम्ही एका वेळी दोनच खाऊ शकत असू. बरणी महिनाभर टिकायची. हा हिशेब तिचा होता, आणि तो कधी चुकला नाही.

ते आले घरात कुठून आले हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हते. काकी लग्न होऊन आली तेव्हा होते. तिच्या सासूच्या वेळीही होते. दरवर्षी खणायचे, त्यातले चांगले निवडून बियाणे म्हणून ठेवायचे, तेच पुन्हा लावायचे. बियाणे ठेवायला मागील दारी फणसाच्या सावलीत हातभर खोल खड्डा होता. तळाला रेती, मग आल्याचा थर, मग सुक्या पानांचा पातेरा, पुन्हा रेती. वर फळी आणि फळीवर दगड. दर वीस दिवसांनी फळी काढून ती खड्ड्यात नाक घालून वास घ्यायची. एखादा कंद मऊ पडला असेल तर वासावरून तिला कळायचे, आणि ती हात घालून नेमका तोच काढायची.

मी नोकरीला होतो जमीन मोजणीच्या कचेरीत. तोवर तेवीस वर्षे टेप, खुंट्या आणि नकाशे यांत गेली होती. सवयीचा परिणाम असेल, घरातही मी मोजत असे. फणसाचे गरे, विहिरीचे पाणी, पावसाच्या दिवसांची संख्या. एका वर्षी काकी लावणीसाठी आले तोडत बसली होती. ती सुरी वापरत नसे, हातानेच मोडायची. मी स्वयंपाकघरातला काटा आणून तिचे तुकडे एकेक करून तोलले. तीस तुकडे तोलले. सगळ्यांत हलका एकवीस ग्रॅम, सगळ्यांत जड सव्वीस. मी थक्क झालो आणि तसे बोललो.

काकी म्हणाली, ‘‘सोनां आसा काय रे ता, वजन करूक? आलां लावतलंस काय सोनाराचां दुकान घालतलंस?’’

तरीही मी वहीत लिहून ठेवले. आल्यासाठी वहीत एक पान होते. माडांसाठी दुसरे, काजूसाठी तिसरे.

मी सांगतो आहे त्या वर्षी काकीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. तिची मुलगी मुंबईला असते. तिने आग्रह धरला की दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने तिकडेच करू. पहिले मेमध्ये, दुसरे जूनच्या अखेरीस, आणि गणेशचतुर्थीच्या आधी परत. काकीला जायचे नव्हते. डोळ्यांचे काही नाही, पण आले कोण लावणार? मी म्हटले, मी लावतो. ती माझ्याकडे बघत राहिली. त्या वेळी तिला माझा चेहरा धड दिसतही नसावा.

‘‘तू?’’

‘‘सांग तू, मी लिहून घेतो.’’

तिने सांगितले आणि मी लिहिले. चौदा गोष्टी झाल्या. कुठला पाला घालायचा, कुठला नाही. पाला एकदम नको, दीड महिन्याने पुन्हा. माती दाबायची नाही. पहिले कोंब दिसेपर्यंत पाऊस नसेल तर तिसऱ्या दिवशी पाणी, तेही शिंपडून. आणि गेल्या दोन वर्षांत जिथे आले होते तिथे लावायचे नाही. मी प्रत्येक मुद्द्याला क्रमांक दिला आणि तिला वाचून दाखवले. ‘‘हां,’’ ती म्हणाली. ‘‘आणि काय सांगूचां? आलां आपणच वाढता.’’

मे महिन्याच्या सुरुवातीला ती गेली. मी तीन दिवस रजा टाकली.

जागेचा विचार मी नीट केला. काकी घरामागच्या तीन तुकड्यांत आळीपाळीने आले लावायची. त्यातल्या दोन जागा नियमाप्रमाणे बाद. तिसऱ्या जागेवर त्या वर्षी फणसाची मोठी फांदी तोडली होती, त्यामुळे दिवसभर ऊन. राहिला माडांचा तुकडा. तिथे सावली अगदी पाहिजे तशी, चाळणीतून पडल्यासारखी. माती भुसभुशीत. आणि आले तिथे कधीच लावलेले नव्हते. काकीने तिथे का लावले नाही हे तिने कधी सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. मला वाटले, वयामुळे तिला उतरून जाणे नको वाटत असेल.

वरच्या ओळीत सहा माड. त्यांच्या खालच्या अंगाला मी चार वाफे घातले. दोरी लावून, प्रत्येक तीन फूट रुंद. चर सरळ रेषेत, उताराला धरून. खड्ड्यातले सगळे बियाणे काढले. तोडले, तोलले. दोनशे बारा तुकडे झाले, म्हणजे वाफ्याला बरोबर त्रेपन्न. एकही उरला नाही आणि एकही कमी पडला नाही. मला त्याचा फार आनंद झाला, हे इथे कबूल केले पाहिजे. रोहिणी लागल्याच्या तिसऱ्या दिवशी लावणी पूर्ण झाली. कुठला तुकडा कुठल्या वाफ्यात, कितव्या ओळीत, याचा मी वहीत नकाशाही काढला.

आता माडांचे पान. आमच्या किनाऱ्यावर माडाला मीठ घालतात. मृगाच्या सुमाराला बुंध्याभोवती आळे करायचे, त्यात शेण, असेल तर सुक्या मासळीचा कचरा आणि जाडे मीठ. मीठ घातले की माड धरतो, असे सगळेच मानतात. काकी हे काम दरवर्षी करायची. माझ्या वहीत माडांच्या पानावर लिहिलेले होते: मृग, माडामागे दीड किलो. मृग लागला त्या दिवशी रविवार होता. मी आणि माझी बायको सकाळी खाली उतरलो आणि चौदाही माडांना मोजून दीड-दीड किलो मीठ घातले. एकवीस किलो. संध्याकाळी मी दोन्ही पानांवर खूण केली. आल्याच्या पानावर मिठाचा उल्लेख नव्हता आणि मिठाच्या पानावर आल्याचा नव्हता. दोन्ही पाने आपापल्या जागी बरोबर होती.

त्यानंतर दोन चांगल्या सरी पडल्या आणि पाऊस अकरा दिवस नाहीसा झाला.

तोपर्यंत सतरा-अठरा कोंब वर आले होते. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांची टोके तपकिरी दिसू लागली. मला वाटले उन्हाने. मी पाला वाढवला, पाणी वाढवले. आणखी दोन दिवसांनी टोके काळी पडली. मग मला वाटले, कंद कुजत असेल, म्हणून पाणी बंद केले आणि चर खोल केले. एक तुकडा उकरून पाहिला. तो कुजलेला नव्हता. आकसलेला होता, लोणच्यातल्या फोडीसारखा, आणि त्याला जी पांढरी मुळे फुटायला हवी होती ती जळलेल्या दोऱ्यासारखी झाली होती.

चराच्या काठावर, जिथे माती वाळली होती तिथे, पांढरट पापुद्रा दिसत होता. मी चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली.

मी वर पाहिले. सहा माड, माझे सरळ चर आणि मध्ये उतार. पावसाने मीठ विरघळवले आणि मी आखलेल्या रेषेतून ते थेट वाफ्यांत आणून सोडले. पुढे पाऊस असता तर वाहून तरी गेले असते.

बायको मागे येऊन उभी होती. ती नांदगावची, घाटाच्या पायथ्याकडची. तिच्या माहेरी माडाला कुणी मीठ घालत नाही. तिने पापुद्रा पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘आता काकींका काय सांगतल्यात?’’

मी त्या दिवशी सगळे वाफे तपासले. प्रत्येक तुकडा माती बाजूला करून पाहिला, पुन्हा झाकला. पहिले तीन वाफे गेले. चौथ्याच्या टोकाला, जिथवर चराचे पाणी पोहोचले नव्हते, तिथे एकोणीस तुकडे ताजे होते. दोनशे बारांतले एकोणीस. आणि खड्डा रिकामा. मी एक मूठही मागे ठेवली नव्हती. घरात दोन पिढ्यांपेक्षा जास्त काळ चालत आलेली गोष्ट मी तीन आठवड्यांत एकोणीस बोटांवर आणली होती.

दुसऱ्याच दिवशी काकीचा फोन आला. एका डोळ्याचे झाले होते, दुसऱ्याची तारीख पुढच्या आठवड्यात होती.

‘‘काय रे, कोंब इले?’’

‘‘इले.’’

‘‘किती?’’

‘‘एकशे साठ,’’ मी म्हणालो.

हा आकडा कुठून आला ते मला आजही सांगता येत नाही. दोनशे बाराला तो शोभेल इतपत होता. ऑपरेशनच्या आधी तिला त्रास नको असे मी नंतर स्वतःला सांगितले, पण बोलताना तसा काहीही विचार माझ्या मनात नव्हता. मला फक्त एकोणीस म्हणता आले नाही. तेवीस वर्षे लोकांना त्यांच्या बांधाचा आकडा सांगत होतो. भावाभावांत काठ्या निघाल्या तरी एक फूटभर इकडेतिकडे केले नव्हते.

‘‘एकशे साठ म्हणजे बरे इले,’’ काकी म्हणाली. ‘‘तुज्या हातान लावलंस, माका वाटलां नव्हतां.’’

फोन ठेवला तेव्हा बायको दारात होती. ती एवढेच म्हणाली, ‘‘मोजणी करणाऱ्यानच बांध सरकवल्यान, तर लोकांनी जावचां खंय?’’

एकदा आकडा सांगितला की तो भरून काढावा लागतो. एकशे साठ वजा एकोणीस, एकशे एक्केचाळीस. पंचवीस ग्रॅमप्रमाणे साडेतीन किलो. आर्द्रा लागली, पाऊस परत आला आणि आठ दिवस असा कोसळला की वाफ्यांतले मीठ धुऊन गेले. त्या आठवड्यात मी कसालच्या बाजारात गेलो. मुद्दाम कसालला, कारण आचऱ्याच्या बाजारात मला सगळे ओळखतात. साडेतीन किलो आले मागितल्यावर भाजीवाली बाई हसली.

‘‘लगीन आसा काय हो?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो.

‘‘मगे ठीक. लावचां आसात तर ह्यां नेव नको. ह्यां घाटावरसून येता.’’

मी मान डोलावली आणि कोंब फुटायला आलेले तुकडे निवडू लागलो. तिने ते पाहिले आणि काटा पुढे ओढला.

ते मी लावले. मरून गेलेल्यांच्या जागी, ओळी न मोडता. महिनाभरात सगळीकडे हिरवेगार झाले. लांबून वाफे असे दिसत की कुणीही शाबासकी दिली असती. काकी दर चार दिवसांनी फोन करी आणि मी दर वेळी सांगे, बरे आहे. तेवढे खोटे नव्हते.

चतुर्थीच्या आधी आठ दिवस तिला नांदगाव स्टेशनवर उतरवून घेतले. रिक्षात ती खिडकीकडे बसली आणि दोन्ही डोळ्यांनी सगळे पाहत आली. रस्त्यावरच्या पाट्यांवरची अक्षरे तिला दिसत होती. मला म्हणाली, ‘‘तुजे केस कधी पिकले रे? माका कोणी सांगूक नाय.’’ घरी आल्यावर चहा घेतला, आणि कप खाली ठेवताच, ‘‘चल, आलां दाखय.’’

माडांच्या तुकड्याकडे वळलो तेव्हा ती थांबली. ‘‘हंय लावलंस?’’

‘‘सावली चांगली होती.’’

ती पहिल्या वाफ्याशी गेली, वाकली, पान बोटात धरून उजेडाकडे केले. मग ते चुरडून नाकाशी नेले. दुसऱ्या झाडाचे घेतले. तिसऱ्याचे.

‘‘ह्यां कोणाचां?’’

तिने चौथे पान तोडून चुरडले.

‘‘ह्यां आमचां न्हय. ह्याचां पान रुंद आसा. वास पण पाण्यासारको. खंयसून हाडलंस?’’

मग मी सगळे सांगितले. मीठ, एकोणीस, कसाल, एकशे साठ. मी उभा होतो आणि ती वाफ्याच्या कडेला उकिडवी बसलेली होती. सांगून झाल्यावर बराच वेळ ती माती चाचपत राहिली.

‘‘मीठ घातलंस,’’ ती म्हणाली, ‘‘ता मीच सांगूक होयां होतां. म्हणानच मी हंय कधी लावलंय नाय. पण माका वाटलां, ह्यां काय सांगूचां? इतकी वर्सां बघतंस.’’ मग माझ्याकडे पाहून, ‘‘आणि फोनवर खोटां कित्याक?’’

मी वाकून एका झाडाभोवतीची माती सारखी करू लागलो.

‘‘माका आंधळी समजलंस.’’

हे ती ओरडून म्हणाली असती तर बरे झाले असते. ती साध्या आवाजात म्हणाली, आणि लगेच उठून कामाला लागली. ‘‘आमचां खंयचां ता दाखय. बाजारच्या आल्याबरोबर रोग येता. ह्येच्यात ठेवलां तर ताय जातलां.’’

मी वही आणली. चौथा वाफा, शेवटच्या चार ओळी. मी क्रमांक वाचत गेलो आणि बायको प्रत्येक झाडाला केळीच्या सोपटाची दोरी बांधत गेली. एकोणीस दोऱ्या झाल्या. काकीने एकोणिसांचीही पाने हुंगली आणि मान हलवली. मला वाटले संपले. पण ती पुढे निघाली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चारही वाफ्यांतले एकूण एक झाड हुंगले. तिसऱ्या वाफ्यात एक आणि चौथ्याच्या मध्यावर एक, अशी दोन झाडे तिने दाखवली. ‘‘हीं आमचीं.’’ माझ्या वहीत तिथे ‘मेले’ अशी खूण होती. मागून फुटले असणार, आणि मी कसालचे मानून बसलो होतो. माझा खरा आकडासुद्धा बरोबर नव्हता.

एकवीस झाडे आम्ही मातीच्या ढेकळासकट उचलून घमेल्यातून वर नेली आणि स्वयंपाकघराच्या मागे छोटा वाफा करून लावली. भर पावसात, चतुर्थीच्या तयारीच्या दिवसांत. गावात कुणी त्या दिवसांत आले हलवत नाही. शेजारचे भाऊ कुंपणावरून म्हणाले, ‘‘गणपतीक आल्याची आरास करतात काय ह्या वर्सा?’’ काकी म्हणाली, ‘‘होय. तुमी आरतेक येवा, टाळ हाडा.’’

चार झाडे मानवली नाहीत. सतरा जगली. आणि काकीने सांगितले होते तसेच झाले. नवरात्राच्या सुमाराला खाली माडांत पहिल्या वाफ्यातली पाने बुडापासून पिवळी पडू लागली, हात लावला की झाड हातात येई, आणि महिन्याभरात तिकडचे सगळे गेले. वर घरामागे मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी सतरा मोजत असे. काकी ओट्यावरून पाहत असे. ती विचारायची नाही, मी सांगायचो नाही.

त्या वर्षी आलेपाक झाला नाही. सबंध हिवाळा चहात आले नव्हते. बायको बाजारचे आणू म्हणाली, पण काकीने नको म्हटले, आणि मला तर आग्रह करण्याचे तोंडच नव्हते.

पौषाच्या अखेरीस खणले. सतरा झाडांचे दोन किलो आठशे साठ ग्रॅम. सगळे बियाण्यासाठी खड्ड्यात. मी वीस-वीस दिवसांच्या तारखा कॅलेंडरवर मांडल्या, पण वास काकीनेच घेतला.

रोहिणी आली. काकीने सूप पुढे घेतले आणि या वेळी मला समोर बसवले. ‘‘तू तोड.’’ खड्ड्यात थोडे सुकले होते. दोन किलो चारशे भरले होते. माझा हिशेब तयार होता, शहाण्णव तुकडे. मी पहिला तुकडा मोडला, चोवीस ग्रॅमचा असावा, दोन डोळ्यांचा, आत निळसर. सुपात टाकणार तोच काकीने तो माझ्या हातून घेतला, नखाने साल काढली आणि त्याचे तीन भाग केले. एक स्वतःच्या तोंडात घातला, एक माझ्या बायकोला दिला, एक माझ्यासमोर धरला.

‘‘अगो, बियाण्यातलां!’’ मी म्हणालो. ‘‘आधीच कमी आसा.’’

‘‘चाखल्याबिगर बियाणां जमनीत घालूचां नाय. कोणाचां लावतंस ता कळूक नको?’’

‘‘ह्यां तू माका सांगूक नाय. चौदा गोष्टींत नव्हतां.’’

‘‘तू विचारूक खंय?’’ ती म्हणाली. ‘‘तू लिवीत होतंस.’’

मी तुकडा चावला. आधी जिभेच्या कडा पेटल्या, मग घसा, मग कान. डोळ्यांत पाणी आले. बायकोने तोंड पदराने झाकले. काकी डोळे मिटून चावत होती, आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. दृष्टी नवी झाल्यापासून पहिल्यांदाच तिने ती आपणहून बंद करून घेतली होती असे मला वाटले. गिळून झाल्यावर तिने डोळे उघडले.

‘‘हां,’’ ती म्हणाली. ‘‘आमचांच.’’

मग मी उरलेले तोडले. लावणी घरामागे होती, वरच्या अंगाला एकही माड नव्हता. वाफा तयार होता, शेणखत टोपलीत होते. काकी उठताना म्हणाली, ‘‘किती जाले?’’

‘‘पंच्याण्णव.’’

ती पुन्हा खाली बसली. ‘‘मोज. माज्यासमोर.’’

मी सूप पालथे केले आणि एकेक तुकडा तिच्या डोळ्यांसमोरून सुपात टाकत मोठ्याने मोजू लागलो. ऊन चढत होते, कचेरीला उशीर होत होता. तिने मला कुठेही थांबवले नाही. शेवटचा तुकडा टाकला तेव्हा पंच्याण्णवच झाले होते. ती म्हणाली, ‘‘लाव आता,’’ आणि चहा ठेवायला आत गेली.